तेराव्या भागातली भरती

सदाशिव ओळकर नोव्हेंबरच्या तीन तारखेला पुण्यात वारले आणि काशीराम मांडवकर चौदा तारखेला मंडणगडला. दोघांच्या मध्ये, नऊ तारखेला, आमच्या रत्नागिरीतले एक मोठे आंबा बागायतदार गेले. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही, माणूस सज्जन होता. पण त्यांच्यामुळे वाचनालयाच्या कार्यकारिणीला एकदम सुचलं, की तिघांची शोकसभा एकाच दिवशी उरकून टाकावी. 'उरकून' हा शब्द माझा नव्हे, आमचे अध्यक्ष भिकाजीराव शिवलकर यांचा. ते निवृत्त मुख्याध्यापक आहेत.

मी म्हटलं, "भिकाजीराव, एक विज्ञानकथा लिहिणारा आणि एक ती पडद्यावर आणणारा. या दोघांची सभा एकत्र घेतलीत तर समजू शकतो. तिसऱ्याचा संबंध काय?"

"अहो सोहनी, सतरंज्या एकदाच घालायच्या," ते म्हणाले. "आणि तुमच्या दोघांसाठी येणार कोण? बागायतदारांची माणसं येतील, ती बसल्या बसल्या यांचंही ऐकतील."

यातली संताप आणणारी गोष्ट ही, की त्यांचं म्हणणं बरोबर होतं. ओळकरांच्या निधनाची बातमी वर्तमानपत्रात चार ओळींची, तीही कीटकनाशकाच्या जाहिरातीखाली. मांडवकरांची तर मला आठवड्याने कळली. 'मंडणगडचे सुपुत्र' असं म्हणून एका जिल्हा पत्रकाने छापली होती आणि मालिकेचं नाव चुकवलं होतं.

मालिकेचं नाव 'चंद्र क्रमांक दोन'. सन १९९०, तेरा भाग, दर मंगळवारी संध्याकाळी साडेसातला. लिहिलेली ओळकरांनी, दिग्दर्शन मांडवकरांचं. मांडवकर मुळात सुतार. मुंबईत स्टुडिओमध्ये सेट उभारता उभारता दिग्दर्शक झालेला माणूस. दोन चंद्र असलेल्या एका ग्रहावर आपली माणसं जाऊन राहतात आणि दुसरा चंद्र दरवर्षी थोडा जवळ येत जातो, समुद्र चढत जातो, अशी ती गोष्ट होती. आमच्या घरी आणि आळीत तिला 'थर्माकोल' म्हणत. "लागलं काय हो तुमचं थर्माकोल?" असं माझी बायको कमला स्वयंपाकघरातून विचारायची. यान थर्माकोलचं होतं हे मलाही दिसत होतं, मी आंधळा नव्हतो. पण त्या यानाच्या दाराशी आत छत्री अडकवायला खुंटी होती. दुसऱ्या ग्रहावर गेलेली माणसं पाण्याच्या रांगेत भांडत होती, पोरांना दामटून निजवत होती. हे सगळ्या रत्नागिरीत एकट्या मला दिसावं आणि बाकीच्यांना थर्माकोल दिसावं, याचा वैताग मी तेरा मंगळवार सोसला आणि पुढे तेरा वर्षं.

आता माझी चूक सांगतो, कारण ही सभा भरवण्यासाठी मी भिकाजीरावांच्या घरी सात हेलपाटे घातले ते त्या चुकीपायी.

मी बंदर खात्यात कारकून आहे. भरती-ओहोटीच्या वेळा रोज लिहिणं हे माझं काम. छापील कोष्टक असतं, पण इथे कोणाला त्याची गरज लागत नाही. तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. दुपारी एकदा, रात्री एकदा, दहा-पंधरा मिनिटं इकडेतिकडे. हे इथल्या माणसाला पाढ्यांसारखं येतं. तर नवव्या भागात दाखवलं काय, की दोन्ही चंद्र पूर्ण आहेत, म्हणजे पौर्णिमा, आणि भर तिन्हीसांजेला पाणी दीपगृहाच्या पायरीला लागलंय. पौर्णिमेच्या तिन्हीसांजेला पाणी तळाला असतं हो. वर त्या दीपगृहाचा म्हातारा रखवालदार आपल्या मुलीला सांगतो, "तू होडीने पुढे जा, मध्यरात्री पाणी तळाला गेलं की मी खडकांवरून चालत येतो." मध्यरात्री कसलं पाणी तळाला? आळीतली पोरंसोरं हसली. एवढे दिवस मी ज्या गोष्टीची बाजू घेऊन भांडत होतो, तिने मला अशी मान खाली घालायला लावावी याचा मला इतका राग आला, की त्याच दिवशी दोन पानी पत्र ओळकरांना टाकलं. त्यात तिथ्या, गुणाकार, सगळं. 'आपल्यासारख्या विज्ञाननिष्ठ लेखकाकडून ही अपेक्षा नव्हती' असंही लिहिलं. मालिका आवडते असं लिहायचं राहिलं.

दहा दिवसांनी पोस्टकार्ड आलं. 'आपले पत्र पोहोचले. मुद्दा विचार करण्याजोगा आहे. शेवटच्या भागात आपले समाधान होईल अशी आशा आहे.' खाली सही.

शेवटच्या भागात दीपगृहातल्या घड्याळात सव्वाअकरा वाजले होते. बरोबर सव्वाअकरा. खाली पाणी भरलेलं, खडक बुडालेले, म्हाताऱ्याला चालत येणं शक्यच नाही. तो वरच्या मजल्यावर जाऊन दिवा मोठा करतो, म्हणजे मुलीच्या होडीला वाट दिसावी. पाणी चढतं, दिवा विझतो आणि पडदा काळा होतो.

पडदा काळा झाला तो पुरतं पाऊण मिनिट. नुसता समुद्राचा आवाज. तेवढ्यात आमच्या आळीने काय केलं ते ऐका. त्या काळी इथे टीव्ही कधी दिसे, कधी मुंग्या दिसत. लोकांना वाटलं चित्र गेलं. समोरचे काका कौलांवर चढले अँटेना फिरवायला, बाजूच्यांनी शिडी लावली, वरून "आलं काय?" आणि खालून "नाय, अजून फिरव" सुरू झालं. आवाज येतोय म्हणजे संच चालू आहे, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. कमलासुद्धा फ्यूज बघायला उठली. सगळे खाली येईपर्यंत मालिका संपलेली होती. रत्नागिरीत आजही लोक शपथेवर सांगतात, की त्या मालिकेचा शेवट दाखवलाच नाही.

मी जागचा हललो नव्हतो. मी घड्याळातले सव्वाअकरा बघून गार पडलो होतो. म्हातारा बुडाला तो माझ्या पत्रामुळे, हे मला दिव्यासारखं स्वच्छ दिसलं. नवव्या भागातला म्हातारा वाचणार होता, मी पाऊणपट करून त्याला मारला. पुढे सगळीकडून तक्रारी झाल्या म्हणे, शेवट दुःखी, शेवट अर्धवट. दुसरी मालिका त्या दोघांना कोणी दिली नाही. ओळकर पुण्यात शिकवण्या करत राहिले, मांडवकर परत सुतारकामाला लागला. आणि मी कचेरीत बसून रोज त्याच भरतीच्या वेळा लिहीत होतो. कमलालाही सांगितलं नाही. ओळकरांना परत पत्र लिहायला हजारदा बसलो असेन, पण 'प्रिय महोदय'च्या पुढे हात चालेना.

आणि यावर कळस म्हणजे, पाचेक वर्षांनी खात्याच्या प्रशिक्षणाला पूर्व किनाऱ्यावर गेलो, तिथे समजलं की आपला पाऊणपटीचा हिशेब तिथे चालत नाही. तो आपल्या किनाऱ्याचा आहे. दुसऱ्या ग्रहाचं तर सोडाच, देशाच्या दुसऱ्या बाजूलाही तो लागू नाही. मी माझ्या बंदराचा नियम दोन चंद्रांना लावला होता. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

म्हणून मला ही सभा हवी होती. दोघे गेले होते. त्यांच्या नावावर जो वाईट शेवट लागला होता तो माझा होता, हे निदान चारचौघांत एकदा बोलायचं होतं. मंडणगडच्या पत्त्यावर मांडवकरांच्या घरी पत्रही टाकलं, सभेला कोणी आलं तर बरं होईल म्हणून.

सभा साडेपाचला. वाचनालयाच्या सभागृहात टेबलावर तीन फोटो. मधे बागायतदार, मोठ्या चौकटीत, हार टेबलाखाली लोंबतोय. डावीकडे ओळकर, एका दिवाळी अंकातून कापलेले. उजवीकडची जागा रिकामी, कारण मांडवकरांचा फोटो कोणाकडेच नव्हता. पाच वाजून पंचवीस मिनिटांनी एक बाई दारात आली. साठीची, काटक, नऊवारी नेसलेली, हातात कापडी पिशवी. सकाळच्या एसटीने मंडणगडहून निघून, वाटेत गाडी बदलून आली होती.

"मी सखू मांडवकर. ह्यांचा फोटो आणलाय," ती म्हणाली आणि पिशवीतून पोस्टकार्डाएवढा फोटो काढला. त्यात मांडवकर पाठमोरा होता, हातात करवत, आणि समोर अर्धवट रंगवलेलं दीपगृह, त्याच्याहून दोन हात उंच.

भिकाजीराव माझ्या कानाशी लागले. "अहो, यात चेहरा कुठाय? हार कशाला घालायचा, दीपगृहाला?"

मी म्हटलं, "घाला दीपगृहाला." आणि फोटो स्वतः नेऊन ठेवला.

पहिला पाऊण तास हापूस चालला. बागायतदारांनी कलमं कशी लावली, तुडतुड्यावर कसा इलाज काढला, परदेशी पेट्या कशा पाठवल्या. बोलू द्या, त्यांचा माणूस गेला होता. पण मग भिकाजीराव उठले आणि म्हणाले, "आता आपण श्री. ओळकर आणि श्री. मांडवकर यांनाही श्रद्धांजली वाहू. यांची मालिका आपण सर्वांनी पाहिली. दुर्दैवाने तांत्रिक बिघाडामुळे शेवटचा भाग पूर्ण दिसू शकला नाही, तरी त्यांचं कार्य मोठं आहे." लोकांनी माना डोलावल्या. मी कपाळावर हात मारला. सखूबाई पहिल्या रांगेत ताठ बसून होती, तिच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

मी उठलो. भाषण लिहून आणलं होतं, ते खिशातच राहिलं. मी म्हटलं, "बिघाड वगैरे काही नव्हता. तुम्ही सगळे कौलांवर होतात. मालिकेत दिवा विझतो म्हणून पडदा काळा झाला. आणि तो दिवा माझ्यामुळे विझला." मग सगळं सांगितलं. नववा भाग, पत्र, तिथी, पोस्टकार्ड, घड्याळातले सव्वाअकरा. पूर्व किनाऱ्याचंही सांगितलं. "तो शेवट या दोघांचा नाही, माझा आहे. त्यांना दोष देऊ नका. मला द्या," एवढं म्हणून थांबलो.

मला वाटलं, पोचलं यांच्यापर्यंत काहीतरी. मग मागच्या रांगेतून एका बागायतदाराने हात वर केला. "सोहनी, पाऊणपट चालत नाही म्हणता? चालते. माझे वडील साठ वर्षं चालवत होते."

"मी पूर्व किनाऱ्याचं सांगत होतो," मी म्हटलं.

"इथेसुद्धा सव्वाअकरा नव्हेच," दुसरा म्हणाला. "जयगडला पावणेअकरालाच पाणी भरतं."

"जयगडला खाडी आहे, त्याचं काय सांगता?"

"मग भाट्याला काय आहे?"

झालं. हापूसवाल्यांची सभा भरतीवर आली. कोणी अमावास्येचं काढलं, कोणी तिथीचा क्षय आणि वृद्धी धरायची की नाही यावर उभं राहून बोललं. भिकाजीरावांनी फळा आणवला. आणवला हो, खडूसकट. तीन मेलेली माणसं टेबलावर आणि हे पंधरा गुणिले तीन भागिले चार करतायत. वीस मिनिटं मी उभाच होतो. मी तेरा वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट बाहेर काढली आणि एकाही माणसाला तिचं काही वाटलं नाही. शेवटी भिकाजीरावांनी दोन मिनिटं स्तब्धता जाहीर केली, ती सव्वा मिनिटात संपवली आणि चहा आला.

सखूबाई माझ्याकडे आली तेव्हा मी खुर्च्यांच्या रांगेत एकटा बसलो होतो. ती शेजारी टेकली.

"पत्र लिवनारे ते तुमी तर," ती म्हणाली.

"मीच. माफी मागायचीही लाज वाटते."

"कसली माफी? तेरावा भाग तर आमी पहिला केला." तिने मांडीवरची पिशवी नीट केली. "थर्माकोलचं दीपगृह पावसात टिकनार व्हतं काय? मे महिन्यात बुडवून घेतलं. तुमचं पत्र आलं तवा थंडी पडलेली. शेवट तसाच व्हता, पयल्यापास्नं."

"पण घड्याळात सव्वाअकरा—"

"आमच्या सासऱ्यांची तरीची होडी चालायची बाणकोटच्या खाडीत. ह्यांना पाऊणपट तुमी शिकवनार?" ती जराशी हसली. "नवव्यात चुकलं ते खरं. शूटिंगला जागा मिळाली सांजची, पानी व्हतं तसं घेतलं, बोलनं तितल्या तितं फिरवलं. हे चार दिवस चिडून व्हते. कोनाच्या ध्यानात येयाचं नाय, असं सगळे म्हनले. आनि तुमचं पत्र आलं."

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. खरं सांगायचं तर मला झोंबलं. तेरा वर्षं मी स्वतःला त्या मालिकेचा गुन्हेगार समजत होतो, आणि गुन्हेगार म्हणून का होईना, मी तिच्यात होतो. या बाईने दोन वाक्यांत मला बाहेर काढून प्रेक्षकांत बसवलं. इतका राग आला, की तो तिच्यावर की स्वतःवर हेही कळेना.

"हसले असतील मला," मी म्हटलं.

"हसले. ओळकरसायबांनी पत्र ह्यांच्याकडं धाडलं, ते मोठ्यानं वाचलं घरात. म्हनले, सखू, रत्नांग्रीत एक मानूस आपलं खरं मानून बघतोय. मग ओळकरसायबांकडं गेले नि म्हनले, त्यांना लिवा, शेवट बघा म्हनून." तिने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. "मग वाट बघितली. तुमाला शेवट कसा वाटला, ते तुमी कळवाल म्हनून. लोकांची पत्रं यायची, सगळी वायट. हे पाकिटावरचा शिक्का बघायचे, रत्नांग्रीचा हाय काय म्हनून. बरेच दिवस बघत व्हते."

माझ्या कचेरीच्या टेबलावर पोस्टकार्डांचा गठ्ठा कायम असतो.

"मग, कसा वाटला?" तिने विचारलं.

तेरा वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं, आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं. मी घड्याळात अडकलो होतो.

"रडलो मी," मी म्हटलं. "कमला फ्यूज बघायला गेली होती, घरात मी एकटा. अंधार होता तोवर ठीक होतो. पण मग त्या अंधारात होडीवर एक हात कंदील वर धरतो ना. आता बापाचा दिवा नाही, म्हणून मागून येणाऱ्या होड्यांसाठी ती मुलगी स्वतःच कंदील धरते. चेहरा दिसत नाही, नुसता हात. तो हात हलत असतो. तेव्हा मी तोंडावर टॉवेल धरून रडलो. कमला आली तेव्हा सांगितलं, डोळ्यात काहीतरी गेलं."

मागे भिकाजीराव फळा पुसवून घेत होते आणि जयगडवाले अजून वाद घालत होते.

"ती नटी दुपारीच निघून गेलेली," ती म्हणाली. "माझा हात तो. सकाळपास्नं सगळ्यांचं जेवान केलं व्हतं, दुखत व्हता, म्हनून हलला. हे म्हनत व्हते, सखू, आनखी थोडा वेळ धर, बघनारा बघंल." तिने पदराने डोळे पुसले, ओठ घट्ट मिटले. "कोन बोललंच नाय कदी त्या हातावर. आमाला वाटलं, कोनाला दिसलाच नाय."

पालीला भाचीकडे तिला जायचं होतं. शेवटच्या गाडीला अर्धा तास होता. मी तिला स्टँडवर सोडायला निघालो, आणि वाटेत तिने मला तो शेवट पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावला.